'यहुदी भाषा' म्हणजे नेमकी कोणती?

विचारलं आहे ते असं: एका अनुवादात 'इस्रायलमध्ये यहुदी भाषा बोलतात' असं वाक्य आलं आहे. ते ठेवावं, की 'हिब्रू' किंवा 'इब्रानी' करावं?

'हिब्रू' करा. 'यहुदी' हे समाजाचं नाव. भाषेला ते चिकटवलं की अर्थ दर गावी बदलतो. बायबलमध्ये (2 राजे 18:26) यहुदाचा राजा हिज्कीया याचे कारभारी वेढा घालायला आलेल्या अश्शूरी सरदाराला विनवतात, आमच्याशी अरामीत बोल, 'येहुदीत'मध्ये नको, तटावरची माणसं ऐकताहेत. तिथे येहुदीत म्हणजे हिब्रूच. पण पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या 'यिद्दिश'चा शब्दार्थही 'यहुदी' असाच, आणि ती तर जर्मनच्या घराण्यातली. स्पेनमधून 1492मध्ये हाकललेल्या ज्यूंची लादिनो स्पॅनिशची बहीण. आणि कोकणातल्या पेणकर, रोहेकर, केहिमकर अशा बेने इस्रायल (तिथल्या ज्यू) घरांची भाषा कोणती? मराठी! इस्रायलला गेल्यावरही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं.

'इब्रानी' चूक नाही, पण ते अरबी-फारसीच्या वाटेनं आलेलं, मराठीत उर्दू वळणाचं वाटतं. मराठी बायबलमध्ये 'इब्री' आहे ('इब्री लोकांस पत्र'), तो धार्मिक संदर्भात शोभतो. बोलणारे स्वतः 'इव्रीत' म्हणतात.

घोटाळ्याचं एक कारण लिपी. हिब्रू आणि यिद्दिश एकाच लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहितात. छापील पान ओळखायची सोपी खूण म्हणजे 'आयिन' (ע) हे अक्षर. यिद्दिशमध्ये ते 'ए' या स्वरासाठी वापरतात, म्हणून ओळीओळीत भरपूर दिसतं. हिब्रूत ते व्यंजन, आणि रोजच्या मजकुरात स्वरचिन्हं बहुधा गाळलेली असतात. यिद्दिशमधल्या हिब्रू शब्दांचं लेखन मात्र मूळचंच राहतं. त्यामुळे 'शनिवार' दोन्हींकडे सारखाच लिहिला जातो, पण हिब्रूत 'शबात' आणि यिद्दिशमध्ये 'शाबेस' वाचला जातो. इथे नुसत्या अक्षरांवर विसंबणारा फसतो.

मुळातल्या वाक्याची दुसरी अडचण 'बोलतात' ही. इस्रायलच्या लोकसंख्येत सुमारे एक पंचमांश अरब आहेत, आणि 1990च्या दशकात सोव्हिएत देशांतून आलेल्यांमुळे रशियनही रस्त्यावर सर्रास कानावर पडते. ब्रिटिश अमलात 1922पासून इंग्रजी, अरबी, हिब्रू या तिन्ही अधिकृत होत्या. 1948मध्ये इंग्रजीची सक्ती गेली. 2018च्या मूलभूत कायद्यानं हिब्रू ही राज्याची भाषा झाली आणि अरबीला 'विशेष दर्जा' उरला. तेव्हा वाक्य 'इस्रायलची राज्यभाषा हिब्रू' असं करा. 'अधिकृत भाषा हिब्रू व अरबी' हे 2018च्या आधीच्या मजकुरात बरोबर, आजच्यासाठी नाही.

लिप्यंतराचंही विचारलं आहे. 'किबुत्झ' (इस्रायलमधली सामुदायिक वसाहत) हे रोमन झेड बघून केलेलं लेखन. उच्चार 'किबुत्स', अनेकवचन 'किबुत्सिम'. शेवटचा ध्वनी आपल्या 'पाच'मधल्या च सारखा, म्हणजे मराठी माणसाला तो आयताच येतो. हिंदीभाषकाला मुद्दाम शिकावा लागतो. याउलट 'खनुका' या ज्यू सणाच्या नावातला ख आपल्या 'खण'मधला नव्हे. तो घशात घासून येतो, उर्दूतल्या 'ख़बर'सारखा. 'हनुका' लिहिलंत तरी मी लाल रेघ मारणार नाही, फक्त एका मजकुरात दोन्ही नकोत.

जाता जाता, रोजच्या हिब्रूत गोंधळाला 'बलगान' म्हणतात. शब्द रशियनमधून आला, त्याच्या मागे तुर्की भाषा, आणि मुळाशी फारसी 'बालाखाना', वरची खोली. आपल्या 'बालेकिल्ल्या'तला 'बाला' तोच.