दुपारच्या पट्ट्यांपासून सुरुवात करू द्या

ताई, पत्र वाचलं. मुलगा 25 चा, बीकॉम, स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू, दीड वर्ष तब्येत स्थिर, आणि मामांनी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात चिकटवायचं ठरवलंय. तो तयार आहे का हे कुठल्या टेस्टमधून कळेल, आणि दिव्यांग सर्टिफिकेटवर 45 टक्के अपंगत्व आलंय म्हणजे काम 55 टक्केच जमणार का, असं तुम्ही विचारलंय.

तसं नसतं हो ते. ते टक्के निघतात स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टी बघून, शिवाय आजार किती काळाचा आहे त्यावर. 40 च्या वर असल्याने 2016 च्या दिव्यांग कायद्यात सरकारी भरतीला राखीव जागेसाठी अर्ज करता येतो, तेवढ्यासाठी सर्टिफिकेट जपून ठेवा. पण यार्डात हिशेब जमेल का हे त्या कागदाला काय माहीत!

मी बघतो ते वेगळंच. गोळी स्वतः घेतो की तुम्ही हातावर ठेवता? एसटी चुकली तर घरी परत येतो की पुढची धरतो? झोप उडाली, चिडचिड वाढली की आपलं बिनसतंय हे त्याला स्वतःला कळतं का, आणि कळलं तर कुणाला सांगतो का? आजाराच्या नावापेक्षा यातून जास्त कळतं. आणि त्याहून मोठं म्हणजे काम करायची त्याची स्वतःची इच्छा, जी तुमच्या दोन पानी पत्रात एकदाही आली नाही, राग मानू नका.

"पूर्ण बरा झाला की बघू" असं म्हणू नका. मीच एका पोराला पूर्वी तसं सांगितलेलं, दोन वर्षं घरात बसला आणि होता तो कॉन्फिडन्सही गेला. काम करता करताच तयारी होते.

सकाळी सौद्याचा, म्हणजे लिलावाचा आरडाओरडा, त्यात गोळ्यांची सुस्ती, म्हणून सकाळ नकोच. दुपारी कॉम्प्युटरवर टॅलीत शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या करायचं काम मागा, तीन तास, महिनाभर. सुस्तीसाठी गोळीची वेळ बदलता येते का ते डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. रात्री-अपरात्री काही वाटलं तर 14416 वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लागतो, मराठीत बोलतात, फुकट आहे.

मालकाला आजाराचं सांगायचं की नाही हे मामांनी नाही, त्याने ठरवायचं. आज जेवताना विचारा त्याला, मामांना फोन उद्या करा.