वाचकांचे प्रश्न : क्लबमधील व्याख्यान आणि त्यानंतरचे जेवण

या महिन्याच्या टपालात क्लबांच्या सभा, वक्ते आणि स्नेहभोजने यांविषयी बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची आणि त्यांच्या क्लबांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचा रोटरी क्लब तालुक्याच्या गावी असून सुमारे साठ सदस्य आहेत. येत्या १ जुलैपासून कार्यक्रमांची जबाबदारी माझ्याकडे येत आहे. गेली दोन वर्षे पुण्या-मुंबईहून नामवंत वक्ते आणूनही सभेला पंधरा-वीस जणच असतात. फेलोशिपच्या, म्हणजे नुसत्या गप्पा आणि जेवणाच्या, रात्री मात्र सभागृह भरून जाते. व्याख्याने बंदच करावीत, असे काही ज्येष्ठ सदस्य म्हणतात. काय करावे? — एक भावी पदाधिकारी, नाशिक जिल्हा

उत्तर : फेलोशिपला लोक येतात, याचा अर्थ त्यांना एकमेकांना भेटायचे आहे, सभेला येत नाहीत, याचा अर्थ ती भेट सभेत होत नाही. दोष व्याख्यानाचा आहे असे मला वाटत नाही, दोष त्याच्या आजूबाजूच्या मांडणीचा आहे. आपल्याकडील सभेचा हिशेब एकदा घड्याळ लावून पाहा. सातचे निमंत्रण, साडेसातला घंटा. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सचिवांच्या घोषणा, सदस्यांचे वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस, प्रास्ताविक, शाळेतल्या बक्षिसांपासून सुरू होणारा पाहुण्यांचा परिचय, शाल आणि श्रीफळ, आणि ज्यांचा सत्कार राहून गेला त्यांचा सत्कार. वक्ता माईकसमोर उभा राहतो तेव्हा साडेआठ वाजत आलेले असतात, मागच्या रांगेतील मंडळींचे लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे लागलेले असते, आणि प्रश्नोत्तरांना ‘वेळेअभावी’ कात्री लागते. नेमका तोच भाग कापला जातो ज्यात सदस्य बोलू शकले असते.

घोषणा आणि वाढदिवस बुलेटिनमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर आदल्या दिवशीच देऊन टाका. परिचय दोन मिनिटांचा असावा आणि त्यात एवढेच सांगावे, की हा विषय आपल्यापुढे आज का, आणि तो बोलायला हीच व्यक्ती का. व्याख्यानाला पंचवीस मिनिटे द्या, प्रश्नांना वीस, आभाराला एक. वक्त्याला वेळेची जाणीव करून देणारी चिठ्ठी पुढे सरकवणे आपल्याकडे उद्धट वाटते. त्यावर भाषणाचा सराव करण्यासाठी भरणाऱ्या टोस्टमास्टर्स क्लबांची युक्ती चांगली आहे. तेथे पाच ते सात मिनिटांच्या भाषणासाठी पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा आणि सातव्याला लाल दिवा लागतो. दिवा सर्वांसाठी सारखाच असल्यामुळे कोणाचा मान दुखावत नाही, आणि माजी अध्यक्षांनाही तो लागू करता येतो. (खरी परीक्षा वक्त्यांची नसते, माजी अध्यक्षांची असते.)

त्यानंतर जेवणाकडे वळा, कारण आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘फेलोशिप’ हा आहे. बुफेच्या रांगेत ताट हातात घेतलेला माणूस आपल्या नेहमीच्या चार मित्रांकडेच जातो. डॉक्टर डॉक्टरांत, बिल्डर बिल्डरांत. महिन्यातून एकदा तरी सात-आठ जणांची गोल टेबले मांडा, दारातच चिठ्ठी उचलून टेबलाचा क्रमांक ठरवा, आणि वक्त्याला अध्यक्षांशेजारी न बसवता गेल्या वर्षभरात सदस्य झालेल्यांच्या टेबलावर बसवा. अध्यक्षांना त्याच्याशी बोलायला नंतर पुष्कळ वेळ मिळतो. सभेपूर्वी चहा आणि गरम वडा ठेवला तर व्याख्यान भुकेल्या पोटी ऐकावे लागत नाही. एवढ्या साध्या गोष्टीने शेवटच्या प्रश्नापर्यंत लोक थांबलेले मी पाहिले आहेत.

आणखी एक सूचना आपल्याच संस्थेच्या इतिहासातून घ्यावीशी वाटते. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत जी पहिली बैठक झाली, तिला कोणी पाहुणा वक्ता नव्हता. पॉल हॅरिस हे वकील, सिल्व्हेस्टर शील हे कोळशाचे व्यापारी, हायरम शोरी हे शिंपीकाम करणारे व्यावसायिक आणि गुस्ताव्हस लोअर हे खाण अभियंता, असे चौघे लोअर यांच्या कचेरीत जमले होते. पुढच्या बैठका पाळीपाळीने एकेकाच्या कामाच्या जागी होऊ लागल्या, आणि या फिरतीवरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले. एका व्यवसायाचा एकच सदस्य, असा त्या काळचा नियम होता, त्यामुळे प्रत्येक जण इतरांना ठाऊक नसलेले काहीतरी घेऊन येई. आज आपण हॉटेलचा एकच हॉल वर्षभरासाठी ठरवतो आणि बोलायला बाहेरचा माणूस आणतो. म्हणजे नावातील फिरणेही संपले आणि सदस्यांची ओळखही. दोन महिन्यांतून एक सभा एखाद्या सदस्याच्या कारखान्यात, द्राक्षबागेच्या शेडमध्ये, छापखान्यात किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये घ्या आणि त्या दिवशीचा वक्ता तो सदस्यच असू द्या. वीस वर्षे एकत्र जेवलेल्या माणसांना एकमेकांच्या धंद्यात नेमके काय चालते हे माहीत नसते, असा अनुभव आपल्याला पहिल्याच सभेत येईल.

व्याख्याने बंद करू नका, कमी करा. २०१६ पासून रोटरीच्या नियमांनुसार क्लबला महिन्यातून किमान दोनदा भेटले तरी चालते; दर आठवड्याला वक्ता मिळवण्याच्या धावपळीत विषयांचा दर्जा घसरत असेल, तर ही सवलत आपल्याच सोयीची आहे.

प्रश्न : मी निवृत्त प्राध्यापक असून निरनिराळ्या क्लबांमध्ये व्याख्यानांना जातो. मानधनाचा विषय काढणे मला संकोचाचे वाटते, आणि क्लब तो कधीच काढत नाहीत. या व्यवहाराची रीत काय आहे? — एक वाचक, सातारा

उत्तर : सेवाभावी क्लबांमध्ये वक्त्याला मानधन न देण्याची प्रथा जुनी आहे, आणि तिच्यामागे काही तर्कही आहे : सदस्य स्वतःच्या वर्गणीतून जेवतात, आणि वक्ता हा त्यांचा पाहुणा असतो. परंतु पाहुण्याला स्वतःच्या खर्चाने शंभर किलोमीटर यायला लावणे कोणत्याही आदरातिथ्यात बसत नाही. म्हणून प्रवास आणि आवश्यक असल्यास मुक्काम यांचा खर्च क्लबने न मागता करावा. गाडी पाठवणे सर्वांत उत्तम. ज्यांची उपजीविकाच बोलण्यावर किंवा कलेवर चालते, अशा कीर्तनकार, गायक, नट किंवा प्रशिक्षक यांना मात्र मानधन दिलेच पाहिजे, आणि त्याचा आकडा निमंत्रणाच्या वेळीच सांगितला पाहिजे. कार्यक्रम संपल्यावर शालीच्या घडीतून दिलेल्या पाकिटात किती निघेल याची उत्कंठा वाहून घरी जाणे कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

आपण स्वतः विचारायला हरकत नाही. निमंत्रण स्वीकारताना एकच वाक्य लिहावे : ‘प्रवासाची व्यवस्था क्लबतर्फे होईल ना, एवढे कळवावे.’ यात संकोचाचे काही नाही. राहिला प्रश्न स्मृतिचिन्हांचा. माझ्या कपाटात काचेच्या, लाकडाच्या आणि ज्याचे नाव मला सांगता येणार नाही अशा पदार्थाच्या अनेक ट्रॉफ्या आहेत, आणि त्यांतील दोन घड्याळे आजही चुकीची वेळ दाखवतात. क्लबांनी त्या खर्चात एखादे पुस्तक द्यावे, किंवा वक्त्याच्या गावातील शाळेला त्याच्या नावाने काही द्यावे.

प्रश्न : आमच्या उद्योजक क्लबमध्ये एका बँक अधिकाऱ्यांचे व्याख्यान झाले. मी त्यातील दोन वाक्ये त्यांच्या छायाचित्रासह समाजमाध्यमावर टाकली, तर अध्यक्षांनी ती काढायला लावली. कार्यक्रमाला शंभर माणसे होती. मग त्यात गुप्त काय राहिले? — एक तरुण उद्योजक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अध्यक्षांनी हे व्याख्यानाआधी सांगायला हवे होते, ही त्यांची चूक, पण त्यांचे म्हणणे योग्य आहे. सार्वजनिक व्याख्यान आणि क्लबमधील बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेत बोलणारा माणूस गावाला उद्देशून बोलतो, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात ते छापून यावे अशीच अपेक्षा असते. क्लबमध्ये बोलणारा अधिकारी मात्र जमलेल्यांवर विश्वास टाकून बोलतो. तो विश्वास गेला, तर पुढच्या वेळी तो छापील टिपण वाचून दाखवील, आणि ते वाचायला त्याला बोलावण्याची गरज नाही.

यासाठी जगभर वापरला जाणारा एक नियम आहे. आंतरराष्ट्रीय घडामोडींचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या चॅटम हाऊस या संस्थेने तो १९२७ मध्ये घालून दिला आणि पुढे १९९२ व २००२ मध्ये त्याची शब्दरचना सुधारली. त्याचा आशय असा, की बैठकीत कळलेली माहिती वापरायला सर्वांना मोकळीक आहे, परंतु ती कोणी सांगितली, तो कोणत्या संस्थेचा, किंवा तेथे आणखी कोण होते, हे उघड करायचे नाही. हा गुप्ततेचा नियम आहे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो माहिती बाहेर नेण्याची परवानगी देतो आणि फक्त नाव आत ठेवतो. आपण बँकेच्या कर्जमंजुरीविषयी जे ऐकले ते स्वतःच्या शब्दांत, नाव आणि छायाचित्र न देता लिहिले असते, तर या नियमाने कोणालाही आक्षेप घेता आला नसता. आपल्या क्लबने हा नियम स्वीकारला असेल, तर तो निमंत्रणपत्रिकेवर एका ओळीत छापावा. माईकवरून शेवटी आठवण करून देईपर्यंत फोटो पोहोचलेले असतात.

प्रश्न : माझे यजमान पंचवीस वर्षे रोटेरियन आहेत. क्लबमध्ये मला सगळे ‘ॲन’ म्हणतात आणि माझ्याकडे हळदीकुंकू, पाककला स्पर्धा व सहलीचे जेवण येते. मी स्वतः सनदी लेखापाल आहे. व्याख्यानांच्या समितीत मला जागा का नाही? — एक वाचक, सांगली

उत्तर : कारण आपण अजून अर्ज केलेला नाही, किंवा कोणी आपले नाव सुचवलेले नाही. १९१४ मध्ये अमेरिकेत रोटरीच्या अधिवेशनाला निघालेल्या आगगाडीत एका सदस्याच्या पत्नी ॲन नावाच्या होत्या, अधिवेशनात आणखी एका सदस्याच्या पत्नीचे नावही तेच निघाले, आणि ते नाव पुढे सर्वांच्या पत्नींना चिकटले, अशी हकीकत सांगितली जाते. नाव गमतीचे असले, तरी सदस्यत्व त्याने मिळत नाही. कॅलिफोर्नियातील डुआर्टे येथील क्लबने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सदस्य करून घेतले म्हणून त्याची मान्यता काढून घेण्यात आली होती. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, ४ मे १९८७ रोजी निकाल क्लबच्या बाजूने लागला, आणि १९८९ मध्ये रोटरीने स्त्रियांना सर्वत्र प्रवेश खुला केला. लंडनचा गॅरिक क्लब तर १८३१ मध्ये स्थापन झाला आणि स्त्रियांना सदस्य करून घेण्याच्या बाजूने त्याचे मतदान २०२४ मध्ये झाले. त्या मानाने आपला क्लब उशीर करतो आहे असे म्हणवत नाही. यजमानांऐवजी दुसऱ्या एखाद्या सदस्याला आपले नाव सुचवायला सांगा. सदस्य झाल्यावर पहिले व्याख्यान स्वतःच्या व्यवसायावर, म्हणजे छोट्या दुकानदाराच्या हिशेबावर, द्या. पाककला स्पर्धेचे काय करायचे ते यजमानांना ठरवू दे.

प्रश्न : मुंबईतील एका जुन्या जिमखान्यात एका ज्येष्ठ व्यावसायिकांनी मला व्याख्यान आणि जेवणासाठी पाहुणा म्हणून बोलावले आहे. व्हिजिटिंग कार्डे न्यावीत का? आणि बिल मी देऊ केले तर चालेल का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कार्डे खिशात असू द्या, पण टेबलावर काढू नका. दर आठवड्याला व्यवसायाच्या शिफारशींची देवाणघेवाण करण्यासाठीच भरणाऱ्या क्लबांत कार्ड पुढे करणे हे शिष्टाचाराला धरून असते, कारण तेथे सगळे त्यासाठीच आलेले असतात. जुन्या सामाजिक क्लबांची रीत उलट आहे. लंडनच्या अनेक क्लबांत तर भोजनकक्षात कामाचे कागद काढायला आजही मनाई असते, आणि आपल्याकडील जिमखान्यांनी ते वळण बरेचसे तेथूनच घेतले. कोणी मागितले तर निघताना, व्हरांड्यात द्यावे. पेहरावाचे नियम यजमानांना आधी विचारून घ्या. चपला किंवा गोल गळ्याचा टी-शर्ट यांवरून दारातच अडचण होऊ शकते.

बिलाचे म्हणाल, तर बहुतेक खासगी क्लबांत पाहुण्याकडून पैसे घेतच नाहीत. सगळे सदस्याच्या खात्यावर मांडले जाते. पाकिटाला हात घातलात तर वेटर आपल्या यजमानांकडे पाहील आणि दोघेही अवघडतील. घरी आल्यावर व्याख्यानातील कोणता मुद्दा आपल्याला पटला, किंवा पटला नाही, हे लिहून त्यांना चार ओळींचे पत्र पाठवा, आणि हंगाम असेल तर सोबत हापूसची एक पेटी.