ओझर-दिल्ली वेगळ्या तिकिटावर काढलंय? मग आधी माझी फजिती वाचा

तुमची पोस्ट वाचली आणि हातातला चहा तसाच गार झाला. आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला, ओझरहून (म्हणजे आपल्या नाशिकच्या विमानतळावरून) दिल्ली, दिल्लीत २ तास ३५ मिनिटं, मग फ्रँकफर्टला १ तास २० मिनिटं, मग शिकागो, आणि तुम्ही विचारताय फ्रँकफर्टला धावपळ होईल का. अहो फ्रँकफर्टचं नंतर बघू. शेवटी जाता जाता तुम्ही एक ओळ टाकलीये ना, "नाशिक-दिल्ली वेगळं काढलं, सहा हजार वाचले", ती वाचून माझ्या पोटात गोळा आला. कारण असेच पैसे मी पण वाचवले होते.

आधीच सांगतो, मी एजंट नाही, कुठल्या विमान कंपनीत नाही. ऑडिटमध्ये आयुष्य काढलेला रिटायर्ड माणूस, लेक लंडनला म्हणून चार-पाच वाऱ्या झाल्या एवढाच अनुभव. नियम बदलत राहतात, त्यामुळे मी सांगतोय ते कंपनीच्या साईटवर तपासून घ्या. व्हिसा, पासपोर्टच्या झेरॉक्स, मोबाईल रोमिंग हे सगळं तुम्ही बघितलं असणारच, त्यात शिरत नाही.

झालं असं. जानेवारीचा महिना, मी आणि ही, ओझर-दिल्ली एक तिकीट आणि दिल्ली-लंडन दुसरं तिकीट, मध्ये ३ तास १० मिनिटं. बुकिंग गावातल्याच एका ट्रॅव्हल ऑफिसमधून, नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. फोनवर मी दोनदा विचारलं होतं की बॅगांचं काय, तर तिथला मुलगा म्हणाला, "काका, बॅग डायरेक्ट लंडनला, तुम्ही फक्त हात हलवत जायचं." मला ते इतकं आवडलं की मी हिला पण तसंच्या तसं सांगितलं. ओझरला काउंटरवर बॅगा दिल्या, मुलीने बोर्डिंग पासच्या मागे दोन स्टिकर चिकटवले, मी पास खिशात घातला. त्या स्टिकरवर तीन अक्षरं असतात, बॅग कुठपर्यंत जाणार त्या विमानतळाची. दिल्लीची होती. लंडनची नव्हती. एकतीस वर्षं दुसऱ्यांची व्हाउचरं उलटीपालटी करून तपासली आणि स्वतःच्या बॅगेचं स्टिकर वाचलं नाही. माझी खरी घोडचूक ही. धुकं वगैरे नंतर.

दिल्लीत जानेवारीत धुकं असतंच, आमचं विमान ५५ मिनिटं लेट. त्यात विमान उतरलं एका टर्मिनलला आणि लंडनचं सुटणार टर्मिनल ३ वरून. तरी मी निवांत, बॅगा काय आपोआप जाणार आहेत. बेल्टवर लोक गर्दी करून उभे होते, मला मनात त्यांची कीव पण आली असेल, आणि आम्ही दोघं हात हलवत तिथून सरळ बाहेर पडलो, टॅक्सी केली, टर्मिनल ३ ला गेलो, गेटवर रांग, आत काउंटरवर रांग, आणि तिथल्या बाईंनी विचारलं, "सामान कहाँ है?"

मी म्हणालो थ्रू आहे, थेट लंडनला. त्यांनी बोर्डिंग पास मागितला, उलटा केला, स्टिकरवर बोट ठेवलं, काही बोलल्या नाहीत.

म्हणजे आमच्या दोन बॅगा तिकडच्या टर्मिनलला बेल्टवर एकट्याच गोल गोल फिरत होत्या. आणि एकदा तुम्ही अरायव्हलच्या दारातून बाहेर पडलात की परत आत जाता येत नाही, सीआयएसएफचा जवान सोडत नाही, बरोबरच आहे त्याचं. मग कंपनीच्या ऑफिसला जा, ओळखपत्र दाखवा, कोणीतरी माणूस आत जाऊन शोधून आणणार. काउंटरवरच्या बाई चांगल्या होत्या, त्या म्हणाल्या बॅगा सोडून आत्ता जाताय का, दहा मिनिटं आहेत, नंतर मी बंद करणार. आणि इथे दुसरी चूक. हिच्या बीपीच्या आणि थायरॉईडच्या तीन महिन्यांच्या गोळ्या त्या बॅगेत. मी हिला तिथेच बसवून बॅगा आणायला पळालो. आज विचार करतो तर वाटतं बॅगा सोडून जायला हवं होतं, लंडनला काय गोळ्या मिळत नाहीत, जावयाने दुसऱ्या दिवशी डॉक्टरला गाठलं असतं. पण त्यावेळी डोकं चालत नाही. बॅगा घेऊन परत आलो तेव्हा काउंटर बंद, विमान अजून जमिनीवर, आणि आम्ही दोघं पंधरा-पंधरा किलोच्या बॅगांवर बसलेलो. ही काही बोलली नाही. घरी असती तर बोलली असती.

त्याच रात्रीचं दोघांचं नवीन तिकीट, ऐनवेळचं, एका बाजूचं, १ लाख ३८ हजार. वर परतीचं पण गेलं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो, एका तिकिटावरचा एक टप्पा तुम्ही न कळवता चुकवला की पुढचे सगळे टप्पे सहसा आपोआप रद्द होतात. विमान सुटायच्या आत काउंटरवर किंवा फोनवर नोंद करून घेतली असती तर कदाचित परतीचं वाचलं असतं, दंड भरून का होईना. मी तेव्हा ट्रॉली शोधत होतो.

आता त्या ट्रॅव्हल ऑफिसची कथा. परत आल्यावर गेलो. दुसरा मजला, एसी, भिंतीवर आयफेल टॉवर. आधी म्हणाले सर मिनिमम कनेक्शन टाइम (दोन विमानांमध्ये ठेवायचा किमान वेळ) पाळलाय, सिस्टीम त्याशिवाय बुकिंगच घेत नाही. मी घरी येऊन नातवाला विचारलं तेव्हा कळलं की ही मर्यादा एकाच तिकिटावरच्या दोन विमानांसाठी असते. तिकिटं दोन असतील तर सिस्टीमला पत्ताच नसतो की हा माणूस दोन्हीकडे आहे, ती काय पाळणार. परत गेलो. मग म्हणाले लेखी द्या. लेखी दिलं. तीन आठवडे गेले. मग म्हणाले तो मुलगा आता इथे नाही. मग म्हणाले तुम्ही टर्म्स वाचल्या नाहीत का. अहो टर्म्स वाचायला मी तुम्हाला सर्व्हिस चार्ज देतो का? ग्राहक आयोगात जायचं मनात होतं, ओळखीच्या वकिलाने विचारलं लेखी काय आहे, तर माझ्याकडे होता फक्त एक फोन कॉल, तो पण रेकॉर्ड न केलेला. तिथेच विषय संपला. तेव्हापासून मी एजंटशी फोनवर बोलतच नाही, जे काय असेल ते व्हॉट्सॲपवर लिहून घेतो, "बॅग कुठपर्यंत टॅग होणार, एका ओळीत लिहा." लिहून द्यायचं म्हटलं की उत्तरं एकदम बदलतात, करून बघा.

थोडे पैसे परत आले ते वेगळ्या वाटेने. विमान चुकलं तरी तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचं वापर शुल्क परत मागता येतं, भारतीय कंपन्यांना डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, तसा नियमच आहे, परदेशी कंपन्या आपापल्या देशाचे नियम लावतात. स्वतःहून कोणी देत नाही, मागावं लागतं. माझे आले, चार-पाच महिने ईमेल करून. दाद लागली नाही तर सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५. विम्याने मात्र हात वर केले, दोन वेगळी तिकिटं आणि तासाभरापेक्षा कमी उशीर, पॉलिसीत बसत नाही म्हणे. वाचलं तर खरंच बसत नव्हतं.

आता तुमचा हिशोब करू. कागदावर २ तास ३५ मिनिटं. त्यातून काउंटर बंद व्हायचे ६० मिनिटं वजा, बऱ्याच कंपन्यांचं तेवढं असतं, काहींचं ७५. राहिला दीड तास. विमानाचं दार उघडून, बस, बेल्ट, बॅगा, चाळीस मिनिटं धरा. टर्मिनल बदलायचं असेल तर अर्धा तास, शटल बस आहे पण ती सुटेपर्यंत जीव टांगणीला, आणि कुठल्या टर्मिनलला उतरणार ते आदल्या दिवशी परत बघा, बदलतं. मग गेटवरची रांग. सगळं अगदी वेळेवर झालं तरी हातात दहा-पंधरा मिनिटं, आणि साठी ओलांडलेली दोन माणसं, पहिल्यांदा जाणारी. माझं स्पष्ट मत, हे करू नका. कोणी खाली लिहील की आम्ही दोन तासात केलं, केलं असेल, लॉटरी पण लागतेच कोणाला तरी.

मग काय करायचं? जमत असेल तर ओझरपासून शिकागोपर्यंत एकच तिकीट, एकच पीएनआर, महाग पडलं तरी. मग बॅग ओझरलाच शिकागोपर्यंत टॅग होऊ शकते, आणि मधलं विमान चुकलं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची, तुमची नाही. तरी स्टिकर वाचायचंच. ऑनलाईन साइटवाले कधीकधी दोन वेगळी तिकिटं एकत्र जोडून एकाच पानावर दाखवतात, तिथे बारीक अक्षरात "सेल्फ ट्रान्सफर" लिहिलेलं असतं, ते म्हणजे माझीच गोष्ट नव्या कपड्यात.

ते नसेल जमत तर आदल्या दिवशी ओझरहून दिल्लीला जाऊ द्या, विमानतळाजवळ महिपालपूरला किंवा एरोसिटीत रात्र काढू द्या. हॉटेलचे पैसे जातील पण झोप लागेल.

किंवा सरळ मुंबईहून काढा, आपल्याला खरं तर तेच सोयीचं. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला तेव्हापासून कसारा घाटाची कटकट गेली. पण खुश होऊ नका, आमण्यापासून पुढे भिवंडी-ठाणं आहेच, तिथे समृद्धीने वाचवलेला वेळ व्याजासकट परत द्यावा लागतो. मी विमानाच्या आठ तास आधी नाशिक सोडतो, लोक हसतात. हसू देत. पंचवटी एक्सप्रेसने जायचा सल्ला कोणी दिला तर चार बॅगा घेऊन दादरला उतरून बघा म्हणावं.

फ्रँकफर्टबद्दल. दिल्ली ते शिकागो एकाच तिकिटावर असेल तर १ तास २० मिनिटं चालतात, तिथली किमान मर्यादा ४५ मिनिटांची आहे. मी स्वतः तिथून गेलेलो नाही, लेकीच्या सासूबाई गेल्या होत्या, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. बॅगा दिल्लीहून थेट शिकागोला, तिथे हात लावायचा नाही. पण भारतातून येणाऱ्यांची परत सिक्युरिटी होते, त्यामुळे पाण्याची बाटली, लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत नको. अमेरिकेच्या विमानाला गेटजवळ वेगळी कागदपत्रं बघतात, म्हणून उतरल्या उतरल्या आधी गेट गाठायचं, बाथरूम मग. अमेरिकेचा चालू व्हिसा असल्याने जर्मनीचा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. आणि व्हीलचेअर सांगून ठेवा, किमान ४८ तास आधी, लाजू नका. चालता येत नाही म्हणून नाही, रस्ता दाखवणारा माणूस मिळतो म्हणून. आमच्या विहीणबाई दगडासारख्या ठणठणीत आहेत, तरी घेतात. शिकागोनंतर पुढे अजून अमेरिकेतलंच विमान असेल तर मात्र बॅगा शिकागोला बेल्टवरून घेऊन कस्टम करून परत द्यायच्या असतात, थ्रू टॅग असला तरी. हे त्यांना कागदावर मराठीत लिहून द्या.

अजून एक, विषयाला सोडून आहे. आई बॅगेत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या भरणार, मला माहीत आहे, सगळ्यांच्या आया भरतात. चेक-इन बॅगेत सुकं खोबरं चालत नाही, तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून, स्कॅनरमध्ये दिसलं की बॅग उघडायला बोलावतात आणि त्यात वीस मिनिटं जातात. पॉवर बँक पण हातातल्या बॅगेत, खाली नाही. गोळ्या तर हातातच, वर सांगितलंच.

तर आता एक काम करा. दोन्ही तिकिटं उघडा आणि पीएनआर किती आहेत, दिल्लीत उतरायचं टर्मिनल कोणतं, आणि ओझर-दिल्ली रद्द केलं तर किती परत मिळतात, एवढं इथे लिहा. मी रात्री दहापर्यंत जागा असतो.