दशमांश ग्रॉसवर द्यायचा की हातात येणाऱ्या पगारावर?

तुम्ही लिहिलंय की वय 27, ऐरोलीला नोकरी, वडिलांच्या डायलिसिसचा खर्च तुमच्या एकट्यावर, आणि चर्चचे पाळकसाहेब म्हणतात की आधी देवाचं, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, तेही ग्रॉसवर, कपातीआधीच्या पूर्ण पगारावर.

हातात येतो त्या पगारावर द्या. पीएफचे पैसे निघतील तेव्हा त्यावर द्या. माझे बाबा वागळे इस्टेटमध्ये फिटर होते, ते असंच करायचे. कंपनी बंद पडून हिशेब मिळाला, तेव्हा त्याच आठवड्यात त्याचाही दहावा हिस्सा त्यांनी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पोचता केला. तेव्हा देण्याच्या विरोधात मी नाही. पण तुमच्या प्रश्नातलं "आधी देवाचं" वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्या चर्चमधला 2011 चा सुगीचा सण. आम्ही मूळचे नगरकडचे. तिकडे सुगीला बाजरीची कणसं, कोंबड्या, अंडी असं घरचं आणतात. ठाण्यात घरचं कुठलं, लोक मार्केटमधून घेऊन येतात. उपासना झाली की लिलाव. घेणारा बहुतेकदा वस्तू परत देतो, पुन्हा बोली लागते, एकच नारळ चार घरांचे पैसे आणतो. मला हा लिलाव लहानपणापासून आवडतो. त्या वर्षी शेवटी एक भोपळा राहिला होता. बोली 500 वरून चढत गेली आणि माझ्या मोठ्या भावाने 11,000 पुकारले. टाळ्यांचा कडकडाट झाला. आई माझ्या शेजारी बाकावर होती, तिनेही वाजवल्या. मग माझ्याकडे झुकून म्हणाली, "कोणी घेतला गं?"

दादा आमच्यापासून पंधरा फुटांवर उभा होता.

तिचे दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू पिकले होते. डॉक्टरांनी एका डोळ्याचे 24,000 सांगितले होते, निम्मे त्याने, निम्मे मी द्यायचं ठरलं होतं. आई त्याच्याकडेच राहायची. तीन महिने मी फोन करत होते आणि तीन महिने एकच उत्तर, "या महिन्यात जमत नाही."

घरी आल्यावर मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "देवाला दिलेला शब्द आहे, तू मध्ये पडू नकोस," आणि बायबलमधलं मलाखी 3:10 म्हणून दाखवलं, सगळा दशमांश भांडारात आणा. मी मार्क 7 काढून त्याच्यासमोर ठेवलं. आईबापांना जे द्यायचं त्याला "कुर्बान" म्हणायचं, म्हणजे देवाला अर्पण केलं सांगायचं आणि मोकळं व्हायचं, यावर प्रभू येशूने परूश्यांना, त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, किती कडक सुनावलंय ते वाच म्हटलं. तो म्हणाला, तू वचनं घेऊन भांडतेस. भांडतच होते मी. आतून आई विचारत होती, भोपळा आजच चिरायचा का. नाताळपर्यंत आम्ही बहीणभाऊ एकमेकांशी बोललो नाही. मी पतपेढीतली आरडी मोडली आणि एक डोळा करून घेतला.

दहा टक्के देवाचे आणि नव्वद माझे, हा हिशेबच मला मान्य नाही. शंभरच्या शंभर त्याचे, आपण कारभारी. मत्तय 25 मधला दाखला बघा, धनी प्रवासाला जाताना चाकरांकडे पैसे सोपवतो तो. मूळ शब्द तालांत आहे, आणि एक तालांत म्हणजे मजुराची साधारण 20 वर्षांची मजुरी. ज्याला सर्वांत कमी दिलं त्याच्याकडेही एवढं सोपवलं होतं, आणि धनी परत आल्यावर हिशेब सगळ्याचा मागितला. तुमच्या वडिलांचं डायलिसिस त्याच हिशेबात येतं. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातलं 14:28-29 सुद्धा वाचा. तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेव्यांसोबत, म्हणजे देवाची सेवा करणाऱ्या वंशासोबत, उपऱ्यांना, अनाथांना आणि विधवांना पोटभर खायला मिळावं म्हणून वेशीच्या आत साठवायचा होता. मलाखी पाठ असणाऱ्यांना हे कसं आठवत नाही?

बाबांची एक वही माझ्याकडे आहे. 850 रुपये पगार होता तेव्हाचं पान: "देऊळ 85. आई औषध 60. किराणा मागील बाकी 40." तिन्ही ओळी एकाच तारखेला, एकाच शाईत. आजी तेव्हा आमच्याकडेच होती. बाबा चर्चच्या पंचकमिटीवर कधी नव्हते आणि लिलावात दहा रुपयांच्या वर गेले नाहीत.

तरी वडिलांचं आजारपण आहे म्हणून देणं अगदीच थांबवू नका. नव्या करारात टक्का सांगितलेला नाही, 2 करिंथ 9:7 प्रमाणे मनात ठरवाल तेवढं आनंदाने द्या, मग ते दोनशे रुपये का असेना. मी त्या रागात दीड वर्ष दानाच्या थैलीत काही टाकलं नाही आणि पुन्हा सुरू करणं फार जड गेलं. पाळकसाहेबांनाही एकदा घरी बोलवा, वडिलांची फाइल दाखवा. त्यांचा पगार बहुतेक ठिकाणी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, दानातूनच निघतो, त्यांनाही तो घोर असतो. माणूस समजूतदार असेल तर पुन्हा ग्रॉसचं नाव काढणार नाही.

आणि एक लिहायचं राहिलं. पुढच्या पावसाळ्यात आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याचे सगळे पैसे दादाने दिले, मी एका शब्दाने बोलले नव्हते. हे मी नातेवाइकांत कधीच कुणाला सांगितलं नाही, भोपळ्याचं मात्र सगळ्यांना सांगितलं.