सहाजणांत चौघे नवखे असतील तर स्कीइंगसाठी कोणतं रिसॉर्ट घ्यावं?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सहाजण जाताय, त्यातले चौघे पहिल्यांदाच स्की पायात घालणार, आणि 'मोठं रिसॉर्ट घ्यावं का' असं विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: ज्या दोघांना येतं त्यांच्याकडे बघू नका, त्या चौघांकडे बघून ठरवा. फ्रान्सच्या त्र्वा व्हाले या स्की प्रदेशात स्कीइंगचे 600 किलोमीटर उतार आहेत, पण नवखा माणूस पहिले तीन-चार दिवस मॅजिक कार्पेटच्या, म्हणजे नवख्यांना हळूहळू वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या, आसपासच असतो. सगळ्या उतारांचा महागडा पास त्याच्या काय कामाचा?

म्हणून नवख्यांचं शिकण्याचं मैदान किती उंचीवर आहे, हे सगळ्यात आधी शोधा. जाहिरातीत शिखराची उंची ठळक असते आणि मैदान बऱ्याचदा पायथ्याशी असतं. हजार मीटर खाली उतरलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी वाढतं. त्यामुळे डिसेंबरात वर भरपूर बर्फ आणि खाली ओलं गवत, असं सहज होतं. ऑस्ट्रियातलं किट्सब्युल फार देखणं गाव, पण ते आहे जेमतेम 760 मीटरवर. मशीनने बर्फ पाडतात, पण त्यालाही पुरेशी थंड, कोरडी हवा लागतेच.

मग थेट 2300 मीटरवरचं फ्रान्समधलं वाल तोरेन्स घ्यावं का? बर्फाची खात्री तिथे बरीच जास्त, पण एवढ्या उंचीवर झाडं नसतात. ढग खाली आले की आभाळ आणि जमीन एकसारखी पांढरी दिसते, पुढे चढ आहे की उतार हेही कळत नाही. नवखा माणूस तिथेच घाबरतो. झाडीतल्या उतारावर खोडं दिसत राहतात, नजरेला आधार मिळतो. वारा सुटला तर उंचावरच्या लिफ्ट आधी बंद होतात, तेही लक्षात ठेवा. मला स्वतःला गाव मध्यम उंचीवर, शिकण्याचं मैदान गोंडोलाने (तारेवरून जाणाऱ्या बंद डब्याने) वर आणि खाली झाडी, अशी रचना सगळ्यात आवडते.

नंतर उतारांचा नकाशा उघडा. युरोपात निळा म्हणजे सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. फ्रान्समध्ये निळ्याहून सोपा हिरवाही असतो. वरून गावापर्यंत निळी रेषा सलग येते का, ते बोट फिरवून बघा. मध्ये लाल तुकडा असेल तर चार वाजता, पाय थकलेले, बर्फ घासून कडक झालेला आणि मागून सगळी गर्दी, अशा वेळी तो पार करावा लागेल. खाली यायला गोंडोला असेल तर ही चिंता नाही.

तुमच्या यादीत गुलमर्गही आहे. तिथलं खालचं मैदान नवख्यांसाठी खरंच छान आहे. पण अफरवट डोंगरावर जाणारा गोंडोलाचा वरचा टप्पा अनुभवी लोकांसाठी आहे: उतार मशीनने सारखे केलेले नसतात आणि हिमस्खलनाचा धोका असतो. तुमच्यातल्या स्की येणाऱ्या दोघांनीही स्थानिक गाइडशिवाय तिथे उतरू नये. शिवाय तिथे चांगला बर्फ मिळायची शक्यता जानेवारी-फेब्रुवारीत जास्त, तेव्हा तारखा बदलता येत असतील तरच त्याचा विचार करा.

आणि हॉटेलच्या आधी प्रशिक्षक बुक करा. नाताळच्या आठवड्यात खोल्या मिळतात एकवेळ, पण चौघांना समजेल अशा भाषेत शिकवणारा माणूस ऐनवेळी मिळत नाही.