घरोघर प्रचार आणि हातातला मोबाईल: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमधली बरीचशी निवडणूक प्रचारात घरोघरच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपबद्दलची होती, त्यातली चार घेतलीयेत. मी स्वतः कागदी यादी घेऊनही फिरले आहे आणि ॲप घेऊनही, त्यामुळे जे पाहिलंय ते सांगते.

प्रश्न: आमच्या टीमला यंदा कागदी यादीऐवजी ॲप दिलंय. जुने कार्यकर्ते म्हणतात, मोबाईलमुळे माणसाशी बोलणंच होत नाही. मी नवीन आहे, कोणाचं ऐकू?

दोघांचंही थोडं थोडं ऐका. कागदाचा खरा त्रास दारात होत नाही, तो रात्री होतो. दिवसभर फिरून आलेले कागद कोणीतरी एकाने बसून टाइप करायचे, त्यात कोणाचं अक्षर लागत नाही, कोणाची खूण "घर बंद"ची की "नकार"ची तेच कळत नाही, आणि हे होईपर्यंत दोन दिवस जातात, तोवर दुसरी जोडी त्याच दारावर जाऊन पुन्हा तेच विचारून येते आणि समोरचा वैतागतो, त्याचं बरोबरच आहे. ॲपमध्ये तुम्ही खूण केली की ती बाकीच्यांना दिसते, नकाशावर राहिलेली घरं वेगळ्या रंगात उरतात, कोण कुठल्या गल्लीत आहे ते कळतं. हा फायदा मोठा आहे, तो सोडू नका.

पण जुने कार्यकर्ते म्हणतात तेही खरंय. एकदा तिसऱ्या मजल्यावर एका आजींनी दार उघडलं, जिन्यातला दिवा किती दिवस बंद आहे, उतरताना भिंत धरून कसं उतरावं लागतं ते सांगायला लागल्या. मी मान खाली घालून टाइप करत होते, मला वाटलं आपण किती नीट ऐकतोय, सगळं लिहून घेतोय. वर बघितलं तर त्या गप्प झाल्या होत्या आणि माझ्या बोटांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "काय लिहिताय?" आणि दार अर्धं लोटलं. त्यानंतर मी एकच गोष्ट पाळते. जिन्यात असतानाच नाव आणि घर नंबर बघून घ्यायचा, मग फोन खिशात, बोलून झालं की निरोप घ्यायचा, एक मजला खाली उतरायचं आणि तिथे उभं राहून नोंद करायची. पण लगेच करायची हां, पाच घरं झाल्यावर आठवून भरू म्हणाल तर दिव्याची तक्रार भलत्याच घराच्या नावावर जाते.

प्रश्न: मी बारा जणांची टीम सांभाळतो. ॲपच्या डॅशबोर्डवर, म्हणजे सगळ्यांचे आकडे एकत्र दिसतात तिथे, काही जण तासाला साठ घरं दाखवतात. कौतुक करू की शंका घेऊ?

शंका घ्या, पण माणसावर नको, आकड्यावर घ्या. तासाला साठ म्हणजे मिनिटाला एक घर. बेल वाजवून थांबण्यातच अर्धं मिनिट जातं, मग जिना, मग पुढचं दार. माझा अनुभव असा की नीट बोलत गेलं तर तासाला पंधरा-वीस दारं होतात आणि त्यातलीही बरीच बंद निघतात. ॲपमध्ये प्रत्येक नोंदीची वेळ असते, ती उघडून बघा, एकाच जागी उभं राहून आठ "घर बंद" टाकलेले असतील तर लगेच दिसतं. फक्त लोकेशनच्या टिंबावरून कोणाला खोटं ठरवू नका, मोकळ्या आकाशाखालीसुद्धा फोनचं जीपीएस साधारण पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, दाट इमारतींत त्याहून जास्त, आणि माणूस कुठल्या मजल्यावर आहे ते तर त्यातून नीट कळतच नाही.

खरी गडबड मात्र तुमच्याकडून होतेय असं मला वाटतं, रागावू नका. रोज संध्याकाळी तुम्ही ग्रुपवर किती घरं झाली ते टाकत असाल तर पोरं घरंच वाढवणार. त्याऐवजी किती जणांशी प्रत्यक्ष बोलणं झालं ते विचारा. 1998 साली अमेरिकेत न्यू हेवन शहरात ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या दोन अभ्यासकांनी सुमारे 30 हजार मतदारांवर एक प्रयोग केला होता, कोणाच्या दारात माणूस पाठवला, कोणाला फोन केला, कोणाला पत्र पाठवलं. दारात जाऊन भेटल्याने मतदान चांगलंच वाढलं, पत्राने थोडंसं, आणि फोनचा काही उपयोग दिसला नाही. म्हणजे जे काही घडतं ते समोरासमोर घडतं, बंद दारावर टाकलेल्या खुणेने काहीच घडत नाही.

आणि "पक्का", म्हणजे हा मतदार नक्की आपला, ही खूण जपून वापरायला सांगा. दारातून आपण लवकर जावं म्हणून लोक "हो हो, तुम्हालाच" म्हणतात. आपणहून काही विचारलं, कारण सांगितलं, तर पक्का, नाहीतर "सांगता येत नाही" हीच खरी नोंद.

प्रश्न: इमारतीत शिरलं की नेटवर्क जातं, ॲप गोल गोल फिरत राहतं. काय करावं?

निघण्यापूर्वीच, वायफायवर असताना, त्या दिवसाची यादी आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, आणि विमान मोड लावून दोन खोट्या नोंदी करून बघा, नेट आल्यावर त्या वर गेल्या तरच ॲप कामाचं. एका इमारतीत एकच जोडी पाठवा म्हणजे एकाच घराच्या दोन नोंदी भांडत नाहीत. पॉवर बँक हवीच. आणि छापील यादीची एक प्रत पिशवीत असू द्या, यात कमीपणा काही नाही. 2012 मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी यांच्या प्रचाराने ऑर्का नावाची यंत्रणा उभी केली होती, कोण मतदान करून गेलं ते हजारो स्वयंसेवकांनी फोनवरून कळवायचं होतं, पण खऱ्या गर्दीची चाचणी थेट मतदानाच्या दिवशीच झाली, काहींचे पिन चुकीचे निघाले, सिस्टीम मधेच बसली, आणि ऐन दिवशी कितीतरी लोक नुसते उभे राहिले.

प्रश्न: मी कुठल्याच पक्षाची नाही. प्रचाराला आलेल्या मुलाने माझ्याशी बोलता बोलता फोनमध्ये काहीतरी भरलं. ते कुठे जातं? मला विचारायचा हक्क आहे का?

विचारा, अगदी दारातच विचारा, "काय लिहिलंत ते दाखवा." प्रामाणिक कार्यकर्ता दाखवेल. साधारणपणे यादीतलं तुमचं नाव-पत्ता आधीच त्यात असतो, त्यावर तो तुमचा कल आणि एखादी टीप जोडतो, आणि हे सगळं पक्षाच्या किंवा ॲप बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं. युरोपात 25 मे 2018 पासून लागू झालेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात राजकीय मत ही खास संरक्षणाची माहिती मानली आहे, तिथे तुम्ही स्वतःची नोंद मागू शकता. इतर ठिकाणचे नियम वेगळे असतात, पण उत्तर न देण्याचा हक्क तुम्हाला कुठेही आहे, "मला सांगायचं नाही" एवढं पुरतं.

तुमची भीती उगाच नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये इस्रायलमध्ये लिकुड पक्ष वापरत असलेल्या इलेक्टर नावाच्या ॲपमधून जवळपास 65 लाख मतदारांची, म्हणजे देशातल्या सगळ्याच मतदारांची, नावं, पत्ते आणि ओळख क्रमांक उघडे पडले. त्यासाठी फार मोठी हॅकिंग लागली नाही, ॲडमिनचा पासवर्ड वेबसाइटच्या कोडमध्येच पडलेला होता, ब्राउझरमधून कोणालाही दिसेल असा.

म्हणून हे पत्र वाचणाऱ्या कार्यकर्त्यांना मनापासून विनंती. टीपेच्या रकान्यात कोणाचा आजार, धर्म, घरातली भांडणं लिहू नका. मी एकदा एका नोंदीत वाचलं होतं, "एकट्याच राहतात, दुपारी झोपतात, बेल दोनदा वाजवावी." लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, पण हे चुकीच्या हाती गेलं तर काय होईल याचा विचार करा. मी ती नोंद पुसून "संध्याकाळी जावे" एवढंच ठेवलं. फोनला लॉक लावा, कोणी टीम सोडली की त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद करा, यादीचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका, आणि निवडणूक संपल्यावर या नोंदी कोण आणि कधी पुसणार ते आत्ताच, पहिल्या मीटिंगमध्ये, ठरवून घ्या.