टॅक्सी चालवणारे फिलिप ग्लास ‘व्यावसायिक’ संगीतकार होते का?

वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत टॅक्सी चालवणाऱ्या आणि नळजोडणीची कामे करणाऱ्या अमेरिकन रचनाकार फिलिप ग्लास यांना त्या काळात व्यावसायिक संगीतकार म्हणता येईल का आणि त्यांचे संगीत कुठून ऐकायला घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे आणि त्याबाबत कोणी शंका घेतली की मला राग येतो.

न्यूयॉर्कमध्ये एका घरी ग्लास भांडी धुण्याचे यंत्र बसवत असताना ‘टाइम’ साप्ताहिकाचे कलासमीक्षक रॉबर्ट ह्यूज समोर उभे राहिले. तुम्ही तर कलावंत, येथे काय करता, असे त्यांनी चकित होऊन विचारले. तेव्हा आपण कलावंत आहोतच, पण कधीकधी नळाचीही कामे करतो, आता मला हे काम संपवू द्या, अशा अर्थाचे उत्तर ग्लास यांनी दिले. 1976 साली नाट्यदिग्दर्शक रॉबर्ट विल्सन यांच्यासह केलेला ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हा ऑपेरा आधी फ्रान्समधील आव्हिन्यों येथे आणि मग नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या रंगमंचावर झाला, नाट्यगृह भरले, पदरी मात्र कर्ज उरले आणि ग्लास पुन्हा टॅक्सी चालवू लागले. तरीही स्वतःच्या संगीताचा व्यवहार त्यांनी कधी ढिला सोडला नाही. 1968 मध्ये त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला आणि बरीच वर्षे आपल्या रचनांच्या स्वरलिपी इतरांना वाजवायला दिल्या नाहीत. ज्याला ते संगीत हवे, त्याने त्यांच्याच वाद्यवृंदाला पैसे देऊन बोलवावे, असा सरळ हिशेब होता.

हे मी एवढ्या तपशिलाने लिहितो, कारण मी पुण्यात एका कार्यालयाच्या लेखा विभागात नोकरी करतो आणि लहान वाद्यवृंदासाठी रचना करतो. एका संस्थेच्या वर्धापनदिनी माझी नवी रचना सादर झाली. कार्यक्रम संपल्यावर ती वाजवणाऱ्या तबलजींना आणि बासरीवादकांना मानधनाची पाकिटे मिळाली, जे योग्यच होते. मला मात्र शाल, श्रीफळ आणि ‘आमचे हौशी संगीतकार’ अशी ओळख मिळाली. मी दुसऱ्या दिवशी चिटणीसांना गाठून विचारले, तर ते म्हणाले, “तुम्हाला काय कमी आहे? पगार चालू आहे ना!” हे गृहस्थ स्वतः दिवसभर दुकान सांभाळून संध्याकाळी संस्था चालवतात, आणि दुकानात ओळखीच्या गिऱ्हाइकालाही फुकट माल देत नाहीत. पगार कार्यालयातील कामाचा असतो, रचनेचे मोल त्यात वळते होत नाही, हे मी त्यांना परोपरीने सांगितले. पुढच्या वर्षीच्या निमंत्रणाला मी मानधनाची रक्कम लिहून उत्तर पाठवले. त्यावर अद्याप काहीही आलेले नाही.

आता ऐकण्याविषयी. ‘सत्याग्रह’ या ऑपेराच्या तिसऱ्या अंकाचा शेवट आधी ऐकावा. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील लढ्यावरचा हा ऑपेरा 1980 मध्ये रॉटरडॅमला प्रथम सादर झाला. त्यातील गायन संस्कृतात असून शब्द भगवद्गीतेचे आहेत. शेवटी गांधीजींचे पात्र चौथ्या अध्यायातील ‘बहूनि मे व्यतीतानि’पासूनचे श्लोक गाते. एकच आरोही स्वरावली पुन्हा पुन्हा येते आणि तिचे स्वर आपल्या भैरवी थाटाचे आहेत, त्यामुळे आपल्या कानाला ते परके वाटत नाही. ग्लास यांच्या संगीतामागचा लयीचा विचार त्यांना पॅरिसमध्ये संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे शिकत असताना गवसला. रविशंकरांचे चित्रपटसंगीत पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवताना अल्लारखाँ त्यांच्या चुका पुन्हा पुन्हा दाखवत होते, आणि शेवटी स्वरलिपीत मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेघा खोडल्यावर त्यांना ती लय दिसली. ‘आइन्स्टाइन’ने सुरुवात करू नये, तो मध्यंतराविना सुमारे पाच तास चालतो.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे की टॅक्सीचे काम ग्लास यांना आपल्या सोयीने घेता-सोडता येत होते, तर आपल्याकडील दहा ते सहाच्या नोकरीत ती मोकळीक नसते. त्यामुळे त्यांचे उदाहरण जसेच्या तसे गिरवता येणार नाही. मात्र तुम्ही स्वतः रचना करत असाल आणि नोकरीही करत असाल, तर आयोजकांपुढे नोकरीचा विषय काढूच नका, आणि मानधनाचा आकडा तालमी सुरू होण्यापूर्वी लेखी घ्या.